चिठ्ठीविना रक्ततपासणी : अहवालाचा अर्थ कोणी लावावयाचा?

डॉक्टरांनी रुग्णास तपासावे, चिठ्ठी लिहून द्यावी, रुग्णाने ती घेऊन प्रयोगशाळेत जावे आणि आलेला अहवाल पुन्हा डॉक्टरांपुढे ठेवावा, हा क्रम आपल्याकडे पुष्कळ वर्षे रूढ होता. अलीकडच्या काळात तो झपाट्याने बदलला आहे. आज अनेक तालुक्यांच्या गावीही मोबाइलवरून नोंदणी केली, की रक्त घेणारा तंत्रज्ञ सकाळी घरी येतो आणि सायंकाळपर्यंत साठ-सत्तर चाचण्यांचा अहवाल मोबाइलवरच हाती पडतो. बसस्थानकांच्या भिंतींवर आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या जाहिराती दिसतात. ग्रामपंचायतींकडे शिबिरे भरविण्याचे प्रस्तावही येतात. या साऱ्या व्यवहारात रक्त असते, यंत्र असते, आकडे असतात. डॉक्टर मात्र बहुधा कोठेच नसतो.

यात बेकायदेशीर असे काही आहे काय? सर्वसाधारणपणे नाही. औषधांच्या बाबतीत अनुसूची 'एच'मधील औषधे चिठ्ठीविना विकता येत नाहीत. परंतु साखर, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, थायरॉईड अशा नेहमीच्या चाचण्यांसाठी चिठ्ठीची सक्ती करणारा तसा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. नागरिकाने स्वतःच्या शरीराची माहिती स्वतःच्या पैशाने मिळवावी, यास तत्त्वतः हरकत घेण्याचे कारणही नाही. अपवाद आहेत. गर्भाचे लिंग सांगणारी चाचणी, मग ती सोनोग्राफीची असो वा मातेच्या रक्ताची, १९९४ च्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. महाराष्ट्राने तर असा कायदा त्याआधीच, १९८८ मध्ये केला होता. अशी चाचणी करून घेण्याचा अधिकार डॉक्टरांनाही नाही आणि रुग्णासही नाही.

माणसे परस्पर प्रयोगशाळेत का जातात, हेही समजून घेतले पाहिजे. तो केवळ हौसेचा किंवा अडाणीपणाचा प्रकार समजणे अन्यायाचे होईल. डॉक्टरांकडे जावयाचे म्हणजे शेतमजुराचा दिवसाचा रोज बुडतो. आधी तपासणीचे शुल्क, मग चाचणीचे, मग अहवाल दाखविण्याचे, असे तीन वेळा पैसे मोजावे लागतात. काही आजारांविषयी बोलण्याची लाज वाटते. शिवाय डॉक्टर विनाकारण चाचण्या लिहून देतात, हा लोकांचा अनुभवही सर्वस्वी खोटा नाही. तेव्हा प्रश्न केवळ चिठ्ठीचा नाही. चाचणी करण्यापूर्वी तिला कोणता प्रश्न विचारला आहे आणि उत्तर आल्यावर काय करावयाचे आहे, हे ठरले आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

ठळक अक्षरांतील आकडे

अहवालात प्रत्येक आकड्यासमोर एक मर्यादा छापलेली असते आणि तिच्या बाहेरचा आकडा ठळक अक्षरांत येतो. वाचणाऱ्याची नजर तेथेच थबकते. पण ही मर्यादा ठरते कशी? बहुसंख्य चाचण्यांत निरोगी माणसांचा एक गट घेऊन, त्यांतील मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जेथून जेथवर पसरलेले असतात, तो टप्पा 'सामान्य' मानला जातो. याचा सरळ अर्थ असा, की उरलेले ५ टक्के लोक निरोगी असूनही मर्यादेबाहेर पडतात. एका चाचणीपुरते हे फारसे बाधक नाही. परंतु परस्परांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी अशा १०० माणसांपैकी सुमारे ३६ जणांचाच अहवाल निर्मळ येईल. उरलेल्या ६४ जणांच्या अहवालात निदान एक तरी ठळक आकडा असेल. शरीरातील घटक एकमेकांशी निगडित असल्याने प्रत्यक्षात हे प्रमाण काहीसे बदलते. तरीही साठ-सत्तर चाचण्यांच्या संचात एखादा आकडा मर्यादेबाहेर जाणे हे नवल नसून, न जाणे हेच नवल आहे.

मग त्या एका आकड्यासाठी दुसरी चाचणी, तिच्यासाठी तिसरी, कधी सोनोग्राफी, कधी सुई घालून तुकडा काढणे, अशी मालिका सुरू होते. दक्षिण कोरियात याचे मोठे उदाहरण घडले. तेथे आरोग्य तपासणीच्या जोडीला गळ्याची सोनोग्राफी थोड्या पैशांत करून देण्याची प्रथा पडली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉईडच्या कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण १५ पट झाले. त्या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ होते तेथेच राहिले. जन्मभर त्रास न देत्या, अशा बारीक गाठी शोधून हजारो लोकांच्या थायरॉईड ग्रंथी काढण्यात आल्या आणि त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागल्या.

फळ्यावर मांडण्याजोगे एक गणित

पुढील हिशेब कल्पित आकड्यांचा आहे, पण शिक्षकांना तो वर्गात सहज मांडता येईल. एका गावाची लोकसंख्या २,००० आहे. एखादा आजार १०० पैकी एकास, म्हणजे गावात २० जणांना आहे. त्यासाठीची चाचणी १०० आजारी माणसांपैकी ९० जणांचा आजार ओळखते आणि १०० निरोगी माणसांपैकी ५ जणांना चुकून आजारी ठरविते. ऐकावयास ही चाचणी चांगलीच वाटते. आता साऱ्या गावाची तपासणी केली. २० आजारी लोकांपैकी १८ सापडले. १,९८० निरोगी लोकांपैकी ९९ जण विनाकारण आजारी ठरले. एकूण ११७ जणांच्या हाती 'पॉझिटिव्ह' अहवाल पडला आणि त्यांत खरे आजारी केवळ १८! म्हणजे अहवाल पाहून धास्तावलेल्या साडेसहा माणसांमागे खरा रुग्ण एक.

आता तीच चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करू. तेथे वैद्यकीय अधिकाऱ्याने लक्षणे पाहून, नाडी-पोट तपासून, ज्यांच्याविषयी दाट संशय आहे अशा २०० जणांनाच निवडले आहे आणि त्यांतील निम्म्यांना तो आजार खरोखर आहे. १०० आजारी लोकांपैकी ९० सापडतील. १०० निरोगी लोकांपैकी ५ चुकून ठरतील. ९५ पॉझिटिव्ह अहवालांपैकी ९० खरे. यंत्र तेच, रसायन तेच, तंत्रज्ञही तोच. तरी एका ठिकाणी अहवाल बहुतांशी खोटा आणि दुसऱ्या ठिकाणी बहुतांशी खरा. फरक पडला तो चाचणीपूर्वी झालेल्या निवडीमुळे. डॉक्टरांच्या चिठ्ठीला काही मोल असेल तर ते या निवडीचे आहे. ती निवड न करताच लिहिलेली चिठ्ठी ही जाहिरात पाहून केलेल्या नोंदणीपेक्षा फारशी निराळी नव्हे.

विडालची कथा

आपल्या ग्रामीण भागात सर्वाधिक मागितल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी एक म्हणजे 'टायफॉईडची टेस्ट', अर्थात विडाल चाचणी. चार दिवस ताप राहिला, की रुग्ण स्वतःच ती करून घेतो. फ्रेंच वैद्य फर्नां विडाल यांनी ती १८९६ मध्ये प्रचारात आणली. या चाचणीत विषमज्वराचे जंतू शोधले जात नाहीत. त्या जंतूंविरुद्ध रक्तात निर्माण झालेली प्रतिपिंडे मोजली जातात. जेथे विषमज्वर नेहमीचाच आहे, तेथे पूर्वी कधी होऊन गेलेल्या संसर्गामुळे किंवा लसीमुळे धडधाकट माणसाच्या रक्तातही अशी प्रतिपिंडे आढळतात. इतर काही तापांतही चाचणी फसवी उत्तरे देते. उलट खऱ्या विषमज्वरात पहिल्या आठवड्यात ती नकारार्थी येऊ शकते. म्हणून एकाच वेळच्या विडाल चाचणीवर निदान ठरविणे योग्य नव्हे. रक्तातील जंतूंची वाढ करून पाहणारी 'ब्लड कल्चर' ही चाचणी अधिक भरवशाची आहे, आणि तीही प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी करावयास हवी.

प्रत्यक्षात काय होते? अहवालात 'पॉझिटिव्ह' हा शब्द दिसतो, औषधाच्या दुकानातून प्रतिजैविके येतात, ताप उतरला की ती अर्ध्यावर सोडली जातात. ताप मुळात हिवतापाचा किंवा डेंग्यूचा असला, तर मोलाचे दिवस वाया जातात. अशा वापराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात, हे नुकसान एकट्या रुग्णापुरते राहत नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत असेच घडले आणि तेथे शासनाला हस्तक्षेप करावा लागला. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयरोग ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या देशभरच्या खासगी प्रयोगशाळांत सर्रास होत होत्या. वर्षाला सुमारे १५ लाख चाचण्या होत असल्याचा अंदाज होता. त्या खऱ्या रुग्णांना निरोगी आणि निरोगी लोकांना रुग्ण ठरवीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे स्पष्ट बजावले आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली. त्या चाचण्या लिहून देणाऱ्यांत डॉक्टरही होते, हे येथे नमूद केले पाहिजे. फुप्फुसाच्या क्षयासाठी थुंकीची तपासणी हीच योग्य वाट असून ती शासकीय केंद्रांत विनामूल्य होते.

वेळ, नळी आणि वाट

योग्य चाचणीही अवेळी केली तर दिशाभूल करते. डेंग्यूची 'एनएस१' चाचणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते; 'आयजीएम' चाचणी त्यानंतर. ताप येऊन दुसराच दिवस असताना केवळ आयजीएम करून घेतली आणि ती नकारार्थी आली, म्हणून रुग्ण निर्धास्त राहिला, तर तो दोष यंत्राचा नव्हे.

रक्त घेतल्यापासून ते यंत्रात जाईपर्यंतचा प्रवासही महत्त्वाचा असतो. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील पेशी साखर वापरत राहतात आणि तिचे प्रमाण दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटत जाते. ही घट रोखण्यासाठी साखरेचे रक्त फ्लोराइड असलेल्या वेगळ्या नळीत घेतात. रक्तपेशी वाटेत फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. केसांच्या वाढीसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे थायरॉईडसह काही चाचण्यांचे आकडे चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. पण घरी रक्त घ्यावयास आलेला तंत्रज्ञ 'कोणत्या गोळ्या घेता?' असे क्वचितच विचारतो.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील अधिकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारी 'एचबीए१सी' ही चाचणी जाहिरातींतील बहुतेक संचांत असते. सिकलसेल असणाऱ्यांच्या तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात. त्यामुळे हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो आणि मधुमेह झाकला जातो. तीव्र रक्तक्षय असतानाही या आकड्यावर विसंबता येत नाही. अशा रुग्णांची साखर उपाशीपोटी व जेवणानंतर तपासावी लागते. सिकलसेलच्या प्राथमिक 'सोल्युबिलिटी' चाचणीचेही असेच आहे. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे माणूस रुग्ण आहे की केवळ वाहक, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी पुढची खात्रीची चाचणी लागते. एखाद्या मुलीचा विवाह अशा अर्धवट अहवालावरून मोडला, तर त्याची भरपाई कोणती प्रयोगशाळा करणार?

कोरोनाकाळातील अनुभव

चिठ्ठी असावी की नसावी, हा वाद कोरोनाच्या साथीत प्रत्यक्ष धोरणाचा विषय झाला. आरंभी चाचणीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक होती. जुलै २०२० मध्ये मुंबई महानगरपालिकेने ती अट काढून टाकली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही मागेल त्यास चाचणीची मुभा देण्याची सूचना केली. मे २०२१ मध्ये पुण्याच्या 'मायलॅब' या कंपनीचा घरच्या घरी वापरावयाचा संच परिषदेने मान्य केला. मात्र त्यासोबत स्पष्ट सूचना होत्या : लक्षणे असलेल्यांनी किंवा रुग्णाच्या निकट संपर्कात आलेल्यांनीच तो वापरावा; चाचणी पॉझिटिव्ह आल्यास तोच निर्णय समजून विलगीकरणात जावे; लक्षणे असूनही नकारार्थी आल्यास लगेच आरटीपीसीआर करून घ्यावी. चिठ्ठी गेली, पण प्रश्न आणि पुढची कृती दोन्ही ठरवून दिलेली होती.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे २०१५ मध्ये डॉक्टरांच्या आदेशाविना कोणतीही चाचणी करून घेण्याची मुभा देणारा कायदा झाला. त्याचा पुरस्कार करणाऱ्यांत 'थेरॅनॉस' ही कंपनी आघाडीवर होती. बोटातील थेंबभर रक्तावर अनेक चाचण्या करण्याचा तिचा दावा फोल ठरला, २०१६ मध्ये तिला आपलेच हजारो अहवाल रद्द वा दुरुस्त करावे लागले, आणि २०२२ मध्ये तिच्या संस्थापिकेस गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल न्यायालयाने दोषी ठरविले. आकडा चुकीचा आहे, हे ओळखणारा अनुभवी डोळा मध्ये नसेल, तर असे अहवाल किती काळ खपून जातात, याची ही साक्ष आहे.

गावातच असलेली चिठ्ठीविना व्यवस्था

चिठ्ठीविना होणाऱ्या आणि तरीही उत्तम चालणाऱ्या चाचण्या आपल्या गावातच आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. हिवतापाच्या प्रदेशात आशा स्वयंसेविका तापाच्या रुग्णाच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन जलद चाचणी करते आणि ठरवून दिलेल्या मात्रेने औषध सुरू करते. गर्भधारणेच्या निदानासाठी आशांमार्फत 'निश्चय' संच देण्यात येऊ लागले. एचआयव्हीच्या समुपदेशन व चाचणी केंद्रात कोणीही स्वतःहून, विनामूल्य, चिठ्ठीविना जाऊ शकतो. तेथे आधी समुपदेशन होते, २०१७ च्या कायद्यानुसार संमती घेतली जाते, लक्षणे नसलेल्या व्यक्तीस तीन वेगवेगळ्या चाचण्यांत आढळ झाल्यावरच संसर्ग असल्याचे सांगितले जाते आणि तिला उपचार केंद्राशी जोडून दिले जाते. संसर्गाचा धोका नुकताच पत्करला असेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा या, असेही तेथे सांगतात. बाजारातील संच घेऊन एकांतात चाचणी करणाऱ्यास हे सांगणारे कोणी नसते.

३० वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी उपकेंद्रातच करण्याची योजना आहे. मोफत निदान सेवेच्या राष्ट्रीय मानकांनुसार उपकेंद्रात १४ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३ प्रकारच्या चाचण्या अपेक्षित आहेत. महाराष्ट्रात २०१७ पासून 'महालॅब' सेवेद्वारे आरोग्य केंद्रांतून नमुने गोळा करून मोठ्या प्रयोगशाळांत नेण्याची व्यवस्था उभी राहिली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी, चाचण्या व उपचार विनामूल्य करण्यात आले. जाहिरातीतील संचासाठी हजार-दीड हजार रुपये मोजणाऱ्या कुटुंबास यांतील बरेचसे गावाजवळच मिळू शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अर्थात केंद्रात तंत्रज्ञाचे पद रिक्त असेल किंवा रसायने संपली असतील, तर ते कुटुंब जाहिरातीकडे वळणारच. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

शिबिराचा प्रस्ताव आला तर

ग्रामपंचायतीकडे तपासणी शिबिराचा प्रस्ताव घेऊन कोणी आले, तर सभागृह देण्यापूर्वी सदस्यांनी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. अहवालावर स्वाक्षरी कोणाची असेल? प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकाचीच स्वाक्षरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रयोगशाळेस 'एनएबीएल'चे प्रमाणन आहे काय? ते ऐच्छिक असले तरी गुणवत्तेची ती एक खूण आहे. संचात कर्करोगाचे 'मार्कर' म्हणून ज्या चाचण्या असतात, त्यांतील 'सीईए' आणि 'सीए १२५' यांचा उपयोग मुख्यतः निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी होतो. लक्षणे नसलेल्या गावकऱ्यांना त्या विकण्याचे प्रयोजन काय, हेही विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांचे आकडे मर्यादेबाहेर येतील, त्यांना दुसऱ्या दिवशी कोण भेटणार आहे? त्याचे उत्तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून शिबिराआधी ठरवावे, आणि त्यांचा होकार लेखी घ्यावा.

ज्यांनी स्वतःहून चाचणी करून घेतली आहे, त्यांनी ठळक आकडा पाहून स्वतः औषध सुरू करू नये, तसेच चालू असलेले बंदही करू नये. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून अधिक आली, पण लक्षणे काहीच नाहीत, अशा वेळी दुसऱ्या दिवशीची फेरतपासणी केल्याखेरीज मधुमेहाचे निदान पक्के मानत नाहीत. उलट अहवाल सारा निर्मळ असला, तरी छातीत दुखणे, थुंकीतून रक्त पडणे, वजन घटत जाणे, अंगावर न दुखणारी गाठ वाढत जाणे, अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. जाताना जुने अहवालही तारखेनुसार लावून न्यावेत. गेल्या वर्षीचा हिमोग्लोबिनचा आकडा १३ होता आणि यंदा ११ आहे, ही गोष्ट एकट्या ११ या आकड्यापेक्षा डॉक्टरांना पुष्कळ अधिक सांगून जाते.